इतिहासाच्या फटीतून: किशोरांसाठी कालप्रवासाची कादंबरी कशी लिहावी

कालप्रवासाची कादंबरी लिहायला बसलेला लेखक बहुधा दोन प्रश्नांपासून सुरुवात करतो: नायक कोणत्या काळात जाणार आणि तिथे तो कसा पोहोचणार. पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून एखादे गाजलेले युद्ध किंवा राजदरबार निवडला जातो, दुसऱ्याचे उत्तर म्हणून एखादी अंगठी किंवा आरसा सापडतो, आणि चाळीसएक पाने झाली की लेखणी अडते. त्या अंगठीचा त्या काळाशी काहीही संबंध नसतो, हे अडण्याचे कारण असते. ती नायकाला दुसऱ्या कोणत्याही शतकात तितक्याच सहजतेने नेऊ शकली असती. अशा वेळी अद्भुत हे केवळ वाहन उरते, इतिहास हा केवळ मागचा पडदा उरतो, आणि या दोन्ही गोष्टी तेरा-चौदा वर्षांच्या वाचकाच्या प्रौढ वाचकाआधी लक्षात येतात.

किशोरांसाठी लिहिलेली अनेक हस्तलिखिते वाचल्यानंतर आणि स्वतः अशी कादंबरी तीनदा नव्याने लिहिल्यानंतर माझे मत एका गोष्टीवर ठाम झाले आहे. इतिहासाच्या नोंदींमध्ये जिथे खरोखरच फट आहे, तिथेच अद्भुताला जागा द्यावी आणि त्या फटीच्या चहूबाजूंचे सगळे जसे होते तसेच ठेवावे. पुढचे सर्व टप्पे याच एका निर्णयातून निघतात. ते समजावण्यासाठी मी एकच उदाहरण सुरुवातीपासून शेवटपर्यंत घेणार आहे, कारण सुटे सुटे दाखले वाचून कादंबरी कशी बांधली जाते ते कळत नाही.

पहिला टप्पा: फट शोधणे

जिथे नोंदी अचानक थांबतात, एकमेकींशी जुळत नाहीत किंवा जिथे काही घडले असल्याची शक्यताच कागदोपत्री पुसली गेलेली असते, ती जागा म्हणजे फट. एखाद्या व्यक्तीच्या आयुष्यातली काही वर्षे कोणालाच ठाऊक नसतात, एखाद्या इमारतीत कशासाठी बांधली ते न कळणारी खोली असते. अशा जागा पुष्कळ आहेत, पण मला सर्वांत मोहवणारी फट दिनदर्शिकेतली आहे.

रोमन काळापासून युरोपात चालत आलेल्या ज्युलियन दिनदर्शिकेने वर्षाची लांबी ३६५ दिवस आणि ६ तास धरली होती. सूर्याचे खरे वर्ष त्याहून सुमारे ११ मिनिटांनी लहान असते. हा फरक साठत जाऊन सुमारे १२८ वर्षांत एका दिवसाचा होतो, आणि त्यामुळे सोळाव्या शतकात वसंतसंपात, म्हणजे वसंतात दिवस-रात्र समान होण्याचा दिवस, २१ मार्चऐवजी ११ मार्चच्या आसपास येऊ लागला होता. पोप ग्रेगरी तेरावे यांनी फेब्रुवारी १५८२ मध्ये काढलेल्या आज्ञापत्राने ही चूक दुरुस्त केली. त्यानुसार गुरुवार ४ ऑक्टोबर १५८२ नंतरचा दिवस शुक्रवार १५ ऑक्टोबर ठरला. वारांचा क्रम मोडला नाही, पण ५ ते १४ या दहा तारखा रोममध्ये कधी आल्याच नाहीत. त्या तारखांना तिथे कोणी जन्मले नाही, कोणाचे लग्न झाले नाही, कोणी कर्ज फेडले नाही. अविलाची संत तेरेसा स्पेनमध्ये याच रात्री मरण पावली, म्हणजे तिच्या मृत्यूची रात्र ४ आणि १५ ऑक्टोबर या दोन तारखांच्या मधली आहे.

इंग्लंडने हाच बदल १७५२ मध्ये केला तेव्हा २ सप्टेंबरनंतर थेट १४ सप्टेंबर आला. रशियात ३१ जानेवारी १९१८ नंतरचा दिवस १४ फेब्रुवारी होता. म्हणजे फट एकच असली तरी काळ आणि शहर निवडायला लेखकाला वाव आहे. मी १५८२ चे रोम घेते, कारण ही फट सगळ्यात आधी जिथे पडली त्या मोजक्या ठिकाणांपैकी ते एक आहे.

फट हाती लागल्यावर लगेच लिहायला बसू नये, तिला आधी एक प्रश्न विचारून पाहावा: या फटीमुळे त्या काळातल्या सामान्य माणसाचे काय बिघडले असेल? राजांचे आणि पोपांचे काय झाले ते ग्रंथांत सापडते, पण कादंबरी उभी राहते ती दुसऱ्याच माणसांवर. वरच्या आज्ञापत्रातच देण्याघेण्याबद्दल एक तरतूद आहे. दहा दिवस गाळल्यामुळे कोणाचे नुकसान होऊ नये म्हणून पैसे भरण्याच्या मुदतीवरून वाद झाल्यास न्यायाधीशांनी मुदतीत दहा दिवस वाढवून द्यावेत, असे तीत सांगितले आहे. हे वाचले आणि मला गोष्ट सापडली. ज्याची मुदत १० ऑक्टोबरला संपणार होती, त्याने त्या दिवशी काय करायचे? न येणाऱ्या दिवसासाठी दिलेल्या वचनाचे काय होते?

दुसरा टप्पा: काळाचा नियम ठरवणे

कालप्रवासाच्या गोष्टींत काळ साधारणपणे तीन प्रकारे वागतो. पहिल्या प्रकारात भूतकाळ बदलता येत नाही आणि नायक जे काही करतो ते आधीच इतिहासात घडून गेलेले असते. दुसऱ्या प्रकारात बदल होतो आणि परत आल्यावर वर्तमान वेगळे दिसते. तिसऱ्यात प्रत्येक बदलाबरोबर काळाची नवी फांदी फुटते आणि जुनीही शाबूत राहते. स्वतःच्या आजोबांना त्यांच्या लग्नाआधीच ठार मारले तर मारणारा जन्मालाच कसा आला, हा प्रसिद्ध पेच दुसऱ्या प्रकाराला सर्वाधिक छळतो. तिसऱ्यातून तो सुटतो, पण तिथे दुसरी अडचण येते: हरलेली प्रत्येक गोष्ट दुसऱ्या कुठल्यातरी फांदीवर जिंकलेली असते, मग वाचकाने जीव कशात गुंतवायचा? किशोरांच्या कादंबरीसाठी मी फांद्या टाळते. त्या वयात प्रत्येक निर्णय कायमचा वाटतो आणि कादंबरीने त्या भावनेचा मान राखायला हवा.

आपल्या उदाहरणात फटीमुळे एक चौथी वाट मोकळी होते. असे मानू या की ४ ऑक्टोबरची रात्र आणि १५ ऑक्टोबरची पहाट यांच्यामध्ये ते दहा दिवस खरोखरच घडतात, पण फक्त अशा माणसांसाठी, ज्यांचे एखादे वचन त्या दहा तारखांपैकी कोणत्यातरी तारखेशी बांधलेले आहे. बाकीचे शहर झोपलेले असते. पंधरा तारखेच्या पहाटे या लोकांनाही काही आठवत नाही. म्हणजे इतिहासाची एकही नोंद खोटी ठरत नाही, आणि तरीही लेखकाला दहा दिवसांचे अख्खे शहर मिळते.

यानंतर दाराचा नियम येतो. दार त्या फटीच्याच कुळातले असावे, ही माझी आग्रहाची सूचना आहे. दिनदर्शिकेची सुधारणा सूर्याच्या निरीक्षणावर उभी होती आणि त्यासाठी मध्यान्हरेषा वापरल्या जात. भिंतीतल्या किंवा छतातल्या लहानशा छिद्रातून आलेला सूर्याचा कवडसा जमिनीवर आखलेल्या रेषेवरून बरोबर मध्यान्ही सरकतो, तीच मध्यान्हरेषा. व्हॅटिकनमध्ये १५७८ ते १५८० या काळात बांधलेल्या ‘वाऱ्यांच्या मनोऱ्या’त अशी एक रेषा आहे, ती खगोलतज्ज्ञ इग्नाझियो दांती यांनी आखली. आपले दार हेच: कवडसा रेषेवर असेतो उघडे, पुढे सरकला की बंद. सूर्यबिंबाला रेषा ओलांडायला साधारण दोन मिनिटे लागतात. ढग आले तर त्या दिवशी दार नाही. हा नियम एका वाक्यात सांगता येतो, वाचकाच्या डोळ्यांसमोर उभा राहतो आणि लेखकाला प्रत्येक मध्यान्ही एक ताण फुकट देतो.

तिसरा नियम किमतीचा. अद्भुताची किंमत नसेल तर नायिका प्रत्येक संकटातून जादूने सुटेल. या कादंबरीत किंमत अशी: तिथे घालवलेल्या प्रत्येक दिवसामागे तिच्या स्वतःच्या आयुष्यातला एक दिवस इतरांच्या आठवणीतून पुसला जातो आणि तो कोणता हे तिला निवडता येत नाही. हे तीन नियम एका कागदावर लिहून समोर चिकटवावेत आणि पुस्तक संपेपर्यंत त्यात नवा नियम घालू नये. कथानक अडले की अपवाद काढण्याचा मोह होतोच, त्या वेळी अपवादाऐवजी प्रसंग बदलावा.

तिसरा टप्पा: नायिकेची दुखरी जागा

किशोर वाचकाला स्वतःहून एक-दोन वर्षांनी मोठ्या मुलांबद्दल वाचायला आवडते, म्हणून नायिका सोळाची असावी. तिला साम्राज्य वाचवायचे नसते. तिची गरज तिच्या वयाच्या मापाची असावी आणि तरीही तिच्यासाठी सर्वांत मोठी असावी.

आपल्या नायिकेने आपल्या जिवलग मैत्रिणीला शब्द दिला होता की तिच्या आईच्या शस्त्रक्रियेच्या दिवशी ती सोबत बसेल. ती गेली नाही. कारण क्षुल्लक होते आणि नंतर ते सांगायची लाज वाटली, म्हणून तिने खोटे सांगितले. मैत्रीण आता बोलत नाही. नायिकेला तो एक दिवस परत हवा आहे.

मी मुद्दामच इथे मृत्यू ठेवलेला नाही. गेलेल्या माणसाला परत आणण्यासाठी केलेला कालप्रवास पुष्कळदा लिहून झाला आहे, शिवाय मृत्यूसमोर नायिकेला स्वतःच्या चुकीकडे बघायला सवडच मिळत नाही. न पाळलेले वचन ही सोळाव्या वर्षाची अस्सल जखम आहे. ती भूतकाळातल्या प्रश्नाशी, म्हणजे न आलेल्या दिवसासाठी दिलेल्या वचनाशी, नेमकी जुळते. नायिकेची दुखरी जागा आणि इतिहासातली फट यांचा आकार एकच असेल, तर अद्भुत आणि ऐतिहासिक हे दोन प्रकार चिकटवावे लागत नाहीत. हे जुळेपर्यंत पुढे जाऊ नये. मला पहिल्या वेळी यासाठी चार महिने लागले होते आणि ते वाया गेले असे मला वाटत नाही.

भूतकाळातला जोडीदारही याच मापाने शोधावा. नव्या दिनदर्शिकेला एवढी मागणी होती की ती छापण्याचा एकाधिकार मिळालेले अँटोनियो लिलियो पुरवठा करू शकले नाहीत आणि सप्टेंबर १५८२ मध्ये त्यांचा अधिकार काढून घेण्यात आला. हे अँटोनियो म्हणजे सुधारणेचा मूळ आराखडा करणाऱ्या अलोयसियस लिलियस यांचे भाऊ. ही नोंद वाचताना घाईत असलेला छापखाना समोर दिसू लागतो. तिथे एक पंधरा वर्षांचा शिकाऊ मुलगा असावा आणि त्याची उमेदवारी १० ऑक्टोबरला संपणार असावी. त्या दिवशी वडील न्यायला येतील असे ठरलेले आहे. मालक आज्ञापत्राचा आधार घेऊन म्हणतो की मुदत दहा दिवसांनी वाढली. मुलगा म्हणतो, मी दिवस मोजून काम केले आहे. दोघांचेही म्हणणे आपापल्या जागी बरोबर आहे, म्हणून हा वाद प्रकरणामागून प्रकरण चालू शकतो.

चौथा टप्पा: काय नव्हते याची यादी

संशोधन करताना त्या काळात काय होते याची टिपणे सगळेच काढतात. मी त्याआधी काय नव्हते याची यादी करायला सांगेन. आपल्या डोळ्यांसमोरचे रोम बहुतांशी नंतरचे आहे. १५८२ मध्ये संत पीटरच्या महामंदिराचा घुमट अपुरा होता. घुमटाचा आराखडा करणारे मायकेलअँजेलो १५६४ मध्ये वारले तेव्हा घुमटाखालचे वर्तुळाकार बांधकाम झाले होते, घुमट १५९० मध्ये पुरा झाला. समोरच्या चौकाला कवेत घेणारी बर्निनींची स्तंभरांग १६५६ नंतरची आहे. चौकाच्या मध्यभागी दिसणारा इजिप्शियन शिलास्तंभ तेव्हा मंदिराच्या बाजूला उभा होता, डोमेनिको फोंताना यांनी तो १५८६ मध्ये हलवला. म्हणजे छायाचित्रे बघून आलेली आपली नायिका त्या चौकात उभी राहिली तर तिला आधी आपण चुकीच्या जागी आलो असेच वाटेल. तिच्या गोंधळातून वाचकाला काळ कळतो, तारीख सांगावी लागत नाही.

त्यानंतर वेळ. तेव्हाच्या इटलीत दिवसाचे चोवीस तास सूर्यास्ताच्या सुमारापासून मोजत. त्यामुळे मध्यान्ह हा घड्याळाचा ठरलेला आकडा नव्हता: उन्हाळ्यात ती सोळाव्या तासाच्या आसपास येई, ऑक्टोबरमध्ये अठराव्याच्या. लंबकाचे घड्याळ १६५६ चे आहे. त्याआधीची घड्याळे बहुतेक एकाच काट्याची होती आणि त्यांत मिनिटे दिसत नसत. आता दाराचा नियम आठवावा. दार मध्यान्ही दोनच मिनिटे उघडते, पण शहराचे टोले मध्यान्ह सांगतच नाहीत आणि मिनिट मोजायला साधनच नाही. संशोधनातून आलेली एक साधी वस्तुस्थिती इथे थेट कथानकाचा अडथळा झाली आहे. जी माहिती अशी कामाला लागत नाही, ती कितीही रंजक असली तरी टिपणवहीतच राहू द्यावी.

ऐकीव गोष्टींबाबत फार जपावे लागते. १७५२ मध्ये इंग्लंडमधल्या लोकांनी ‘आमचे अकरा दिवस परत द्या’ म्हणत दंगली केल्या, ही कथा सर्वत्र सांगितली जाते. पण तसा समकालीन पुरावा मिळत नाही, आणि ती विल्यम होगार्थ यांनी १७५५ मध्ये रंगवलेल्या निवडणुकीच्या उपहासचित्रातल्या एका फलकावरून पसरली असे इतिहासकार मानतात. अशी दंगल प्रसंग म्हणून आकर्षक असते, म्हणूनच ती दोनदा तपासावी. किशोर वाचक इतिहास पहिल्यांदा कादंबरीतूनच शिकत असण्याची शक्यता असते आणि तिथे रुजलेली चूक वर्षानुवर्षे निघत नाही.

त्या काळातला अन्याय कसा दाखवायचा, हा प्रश्नही इथेच सोडवावा. रोममधल्या ज्यूंना १५५५ पासून तटबंदी घातलेल्या वस्तीत राहणे भाग पाडले होते आणि रात्री त्या वस्तीचे दरवाजे बंद केले जात. हे कादंबरीतून वगळले तर शहर खोटे होते. नायिकेने चौकात उभे राहून समानतेवर भाषण केले तरी ते तितकेच खोटे होते. दरवाजा बंद होण्याच्या वेळी ती तिथून जात असावी, सोबतच्या मुलाला त्यात काहीच वावगे वाटत नसावे, आणि हा मुलगा तिला आवडू लागलेला असावा. ती काय करते, ते लेखकाने प्रामाणिकपणे पाहावे.

पाचवा टप्पा: भाषा

नायिकेला त्यांची बोली कशी समजते, हे पहिल्या वीस पानांत मिटवावे. मी अद्भुताची मदत घेते, पण तिलाही मर्यादा घालते: ऐकणाऱ्याकडे ज्या गोष्टीसाठी शब्द नाही, ती गोष्ट बोलायला गेले की नायिकेचा आवाज फुटत नाही. ‘मोबाइल’ म्हणायला जावे आणि ओठ नुसतेच हलावेत. ती त्या मुलाला ‘दोन मिनिटे’ सांगू शकत नाही. विद्वानांच्या खगोलगणितात मिनिट होते, पण छापखान्यातल्या मुलाला त्याचा काही उपयोग नव्हता. मग तिला दाखवावे लागते: एक प्रार्थना म्हणून होईपर्यंत, इतका वेळ.

लेखकानेही स्वतःवर हाच नियम लादून घ्यावा. मराठीत आपण दिवसभर वापरतो ते किती वाक्प्रचार अलीकडचे आहेत, हे त्याशिवाय कळत नाही. गाडी रुळावर येते ती रेल्वेनंतर. ट्यूब पेटते, बॅटरी उतरते, ब्रेक लागतो, हे सगळे विसाव्या शतकाचे बोलणे आहे. १५८२ मधल्या मुलाच्या तोंडी यातले काहीही येता कामा नये. ‘किलोमीटर’ अठराव्या शतकाच्या अखेरीचे. ‘घटकाभर थांब’ हा प्रयोग मराठी कानाला गोड लागतो, पण घटका हे वेगळ्याच कालगणनेचे माप आहे, म्हणून मी ते निवेदनात चालवून घेते आणि संवादात ‘क्षणभर’ किंवा ‘जरासा’ लिहिते. जुना काळ दाखवण्यासाठी उगाच बखरीची भाषा वापरण्याची मात्र गरज नाही. त्या मुलाला त्याची भाषा जुनी वाटत नव्हती, ती त्याच्यासाठी रोजचीच होती. साधे, स्वच्छ, कोणत्याही दशकाचा शिक्का नसलेले मराठी त्याच्या तोंडी शोभते.

मराठीत लिहिणाऱ्याच्या हाती आणखी एक साधन आहे आणि ते वाया घालवू नये. नायिका सवयीने सगळ्या समवयस्कांना ‘तू’ म्हणते. मुलगा तिचे कपडे आणि तिचे न राबलेले हात पाहून तिला मोठ्या घरची समजतो आणि ‘तुम्ही’ म्हणतो. मालकाशी बोलताना त्याची मान खाली असते. दोनशे पानांच्या अंतरात तो ‘तुम्ही’वरून ‘तू’वर कधी येतो, तो एकच शब्द त्यांच्या नात्याबद्दल जे सांगून जाईल ते परिच्छेदभर वर्णनालाही जमणार नाही. तो क्षण आधीच ठरवून ठेवावा आणि त्याआधी चुकूनही ‘तू’ निसटू देऊ नये.

सहावा टप्पा: एक प्रसंग जवळून

आराखडा झाला की पहिले प्रकरण लिहिण्याआधी पुस्तकाच्या मध्यातला एखादा प्रसंग लिहून पाहावा. हातांनी करायचे काम निवडावे, कारण हातांचे काम लिहिताना खोटे चालत नाही. छापखान्यातले खिळे उलट्या अक्षरांचे असतात, शाई जवसाच्या तेलात काजळी घोटून केलेली असते आणि ती चामड्याच्या गोळ्यांनी थापली जाते, एवढे ठाऊक असले तरी असे काही लिहिता येते:

‘मुलाने चाराचा खिळा पट्टीत बसवला. सवयीने त्याचा हात पाचाच्या कप्प्याकडे गेला. खिळा बोटांत आला, आणि तो थांबला. मग त्याने दुसऱ्या हाताने एकाचा खिळा उचलला, आधी तो ठेवला आणि त्याला चिकटून पाच. अंगठ्याने दोन्ही घट्ट दाबले.

“झाले,” तो म्हणाला.

“काय झाले?”

“दहा दिवस. एवढ्यात बसले.” त्याने पट्टी तिच्यासमोर धरली. एकाचा खिळा तिच्या नखाहूनही बारीक होता. “दहावी तारीख यातच होती. माझी.”’

या प्रसंगात सुधारणा, पोप, संपात यांपैकी एकही शब्द नाही. तरीही दिनदर्शिकेत काय घडले आणि या मुलाचे त्यात काय गेले, हे वाचकाच्या ध्यानात येते. प्रसंग लिहून झाल्यावर तो मोठ्याने वाचावा. जिथे आवाज माहिती सांगणाऱ्या शिक्षकासारखा होतो, ती वाक्ये काढून टाकावीत.

सातवा टप्पा: प्रकरणांची बांधणी

एका मोठ्या कागदावर दोन रकाने करावेत. डावीकडे १५८२ चे दिवस, उजवीकडे नायिकेच्या आयुष्यातून पुसला गेलेला दिवस. नायिका २ ऑक्टोबरच्या मध्यान्ही पोहोचली, तर तिला खऱ्या रोममध्ये अडीच दिवस मिळतात. या भागात काहीही बदलत नाही, ती फक्त शिकते. चार तारखेच्या रात्री फट उघडते आणि गोष्टीचा मोठा भाग त्या दहा दिवसांत घडतो. दार एका मनोऱ्यात आहे आणि तिथे कोणालाही सहजी प्रवेश नाही, म्हणून आत जाण्याचा मार्ग मुलाच्या कामातून यावा, उदाहरणार्थ तपासणीचे छापील कागद पोहोचवण्याच्या निमित्ताने.

उजवा रकाना भरताना दिवसांचा उतार ठरवावा. पहिल्यांदा बिनमहत्त्वाचा दिवस पुसला जावा आणि तिला ते कळूही नये. नंतर एखादा वाढदिवस. मग शाळेतला असा दिवस, ज्याच्यामुळे एक शिक्षक तिला ओळखू लागले होते. प्रकरणे दीड ते अडीच हजार शब्दांची असली तर या वयाच्या वाचकाला दमछाक होत नाही. प्रत्येक प्रकरणाच्या शेवटी धक्का देण्याची गरज नाही, पुढच्या मध्यान्हीपर्यंत किती वेळ उरला आहे हे वाचकाला ठाऊक असले तरी तो पान उलटतो.

आठवा टप्पा: शेवट

शेवट नियमांतून यावा. आपल्या तीन नियमांकडे पुन्हा पाहिले तर तो तिथे आधीपासूनच दिसतो. पुसला जाणारा दिवस निवडता येत नाही, पण तो शस्त्रक्रियेचा दिवसही असू शकतो. तसे झाले तर मैत्रीण सगळे विसरेल आणि मैत्री परत मिळेल. म्हणजे नायिकेसमोर असा पर्याय येतो की आणखी एक दिवस थांबावे, आणखी एक, आणि तो दिवस पुसला जाण्याची वाट पाहावी. दरम्यान दहा तारीख उजाडते. मुलगा वेशीवर वडिलांची वाट पाहत उभा असतो, आणि वडील येतात, कारण वचन त्यांचेही होते आणि त्यामुळे तेही जागे आहेत. बापलेकांना तो दिवस मिळतो. पंधराव्या तारखेच्या पहाटे दोघांनाही तो आठवणार नाही, हे फक्त नायिकेला ठाऊक आहे.

त्यानंतर ती दारातून परतते की थांबते, हे प्रत्येक लेखकाने आपल्या नायिकेला ओळखून ठरवावे. माझी नायिका अकरा तारखेच्या मध्यान्ही परतते आणि मैत्रिणीच्या दाराची कडी वाजवते. मैत्रिणीला सगळे आठवत असते. कादंबरी पहिल्या खऱ्या वाक्यापाशी थांबते, क्षमेचे दृश्य मी लिहीत नाही. ते लिहिले की वाचकाचे काम संपते, आणि या वयाच्या वाचकाला ते काम स्वतः करायला आवडते.

नववा टप्पा: तपासणी

पहिला खर्डा पूर्ण झाल्यावर तो किमान तीन आठवडे बाजूला ठेवावा. नंतर तीन वेगवेगळ्या वाचनांत तो तपासावा: एकदा फक्त नियमांसाठी, एकदा फक्त काळासाठी, एकदा फक्त संवादांसाठी. सगळे एकदम शोधायला गेले की काहीच सापडत नाही. काळाच्या वाचनात प्रत्येक मध्यान्ही आकाश निरभ्र होते का, चंद्र कोणत्या कलेचा होता, सोबतच्या माणसांना त्या दिवसाची कोणती तारीख वाटत होती, हे रकान्याच्या कागदाशी ताडून पाहावे. प्रोटेस्टंट राज्यांनी ही सुधारणा लगेच स्वीकारली नव्हती, त्यामुळे तिथून पंधरा तारखेला लिहिलेल्या पत्रावर पाच तारीख असेल, हेही विसरू नये.

मग खर्डा चौदा-पंधरा वर्षांच्या दोन-तीन मुलांना द्यावा आणि त्यांना ‘आवडले का’ असे विचारू नये. कुठे वाचन थांबवून दुसरे काही करावेसे वाटले, ती पाने दुमडून ठेवायला सांगावीत. माझ्या एका खर्ड्यात सोळाव्या शतकातले पात्र ‘पाच मिनिटांत येतो’ असे म्हणाले होते. तीन मोठ्या माणसांनी ते वाचले होते, पण चूक सापडली ती एका आठवीतल्या मुलीला. तिने समासात लिहिले होते, ‘याला पाच मिनिटे कळली कशी?’ भाषेचा नियम मला त्या प्रश्नातून मिळाला.

शेवटी पुस्तकाला दोन पानांची टीप जोडावी आणि तिच्यात खरे काय व कल्पित काय हे स्पष्ट सांगावे. दहा तारखा, आज्ञापत्रातली मुदतवाढ, छपाईचा काढून घेतलेला अधिकार, मनोऱ्यातली रेषा आणि बंद होणारे दरवाजे हे खरे. छापखान्यातला मुलगा, त्याचे वडील आणि त्या दहा दिवसांत जागी राहिलेली माणसे हे कल्पित. ही टीप पुस्तकाच्या अखेरीस असावी, कारण आधी वाचली तर फट बुजते.